चिलटं मोजणारा लटारू

लटारू मारबते नुसत्या डोळ्यांनी चिलटातली मादी आणि नर ओळखायचा. भिंग नाही, चष्मा नाही. केळ्याच्या सालीवर घोंगावतं ते तांदळाच्या कणीएवढं चिलट. नराचं बूड काळं आणि बोथट, मादीचं पट्ट्यापट्ट्यांचं आणि टोकदार. बी.एस्सी.ची पोरं भिंगाला डोळा लावून अर्धा तास घालवायची आणि शेवटी एकमेकांची तोंडं पाहून ठोकून द्यायची. लटारू पांढऱ्या कागदावर गुंगी दिलेली चिलटं पिसाने सारत जायचा, इकडे बाया, तिकडे बुवा, जशी लग्नात पंगत बसवावी. मी एकदा म्हणालो, "लटारू, आपल्या प्राचार्यांचं काय ते एकदा पाहून सांग बापा." तो मान वर न करता म्हणाला, "सायेब झोपले का सांगतो, बाबूजी."

हे कसब त्याला आमच्या कॉलेजाने दिलं नाही, तळ्याने दिलं. लटारू जातीचा ढिवर, म्हणजे मासे धरणारा. सिंदेवाहीपासून दोन कोसांवर एका मामा तलावाच्या पाळीला त्याचं घर. मालगुजारांच्या काळातले, म्हणजे माजी मालगुजारी, म्हणून मामा तलाव. लोक समजतात कोणाच्या मामाचा आहे. पावसाळ्यात मच्छीमार सोसायटीचं मत्स्यबीज यायचं, तेव्हा मोजणीला लटारूच लागे. केसाएवढी पिल्लं वाटीत घ्यायची, एक वाटी नीट मोजायची आणि मग वाट्या मोजत तळ्यात सोडायच्या. मोजणी तोंडाने चाले, धानाच्या राशीवर चालते तशी: लाभ, दोन, तीन, चार. डोळा असा तयार की वाटीतलं पिल्लू मेलं हे पिल्लाच्या आधी लटारूला कळायचं.

आमच्या प्राणिशास्त्राच्या खोलीला मासे आणि बेडूक तोच आणून द्यायचा. पुढे बेडूक कापणं कमी झालं, पण लटारूचं येणं कमी झालं नाही. त्याने टेबलं पुसली, बाटल्या विसळल्या, आणि एके दिवशी सगळ्यांच्या लक्षात आलं की हा आपला परिचरच आहे. ऑर्डर कधी निघाली ते मला विचारू नका. कारकून मी होतो, आणि मलाही आठवत नाही.

सन २००३ च्या पावसाळ्यात मंजुषा मॅडम आल्या. मूळच्या ठाण्याच्या. नवरा इथल्या धान संशोधन केंद्रात बदलून आलेला. तो धानाच्या लोंब्या मोजायचा आणि या घरी बसून कंटाळायच्या, म्हणून आमच्याकडे तासिका तत्त्वावर शिकवू लागल्या. वर्षभरात नागपूरच्या एका गाइडकडे पीएच.डी.ला नाव घातलं आणि एके सकाळी बंगलोरहून कापसाचे बोळे लावलेल्या चाळीस नळ्या पिशवीत घेऊन गाडीतून उतरल्या. नळ्यांत चिलटं. उपप्राचार्यांनी नळी उजेडात धरली आणि काळजीने विचारलं, "मॅडम, ही तर आमच्याकडे आंब्याच्या दिवसांत घरोघरी असतात. बंगलोरला कमी पडली होती का?"

पण ही चिलटं साधी नव्हती. त्यांच्यात माणसाचं एक जनुक घातलेलं होतं. मॅडमनी ते लटारूला समजावलं, तेव्हा मी हजेरीपटाच्या निमित्ताने तिथेच रेंगाळत होतो. माणसाच्या मेंदूतल्या पेशीच्या आत बारीक बारीक नळ्या असतात, आणि त्यांना सावरून धरणारं एक प्रथिन असतं. ते बिघडलं की त्याचे गुंते होतात आणि पेशी एकेक करून मरतात. काही म्हाताऱ्या माणसांचं विसरणं थांबतच नाही, वाढत जातं. त्यांच्या मेंदूत हे गुंते सापडतात. माणसात हे व्हायला वर्षं लागतात. चिलटाचं आयुष्यच दोन-अडीच महिन्यांचं, त्यामुळे त्याच्यात ते महिन्याभरात दिसतं.

"म्हंजे जारं गुतलं," लटारू नळी पुसत म्हणाला. आमच्याकडे जाळ्याला जारं म्हणतात.

"तसंच समज."

"गुतलेलं जारं सुटते, बाई. टाइम लागते, पन सुटते."

"हे नाही सुटत, लटारू. अजून कोणाला सोडवता आलेलं नाही."

लटारू तीच नळी बराच वेळ पुसत राहिला. का, ते मॅडमना ठाऊक नव्हतं. मला होतं.

पण आधी चिलटांचा सैपाक सांगतो, नाहीतर राहून जाईल. मक्याचं पीठ, गूळ, खमीर आणि जेलीसारखं घट्ट बसवणारी एक पावडर, हे सगळं लटारू सकाळी पातेल्यात ढवळायचा. खोलीला असा आंबूस गोड वास सुटे की वर्गातली पोरं सुस्तावायची. पलीकडच्या गडचिरोली जिल्ह्यात दारूबंदी. मग काय, मॅडम कॉलेजात गाळतात आणि लटारू मासळीच्या टोपलीतून नदीपार पोचवतो, अशी बातमी आठवडी बाजारात फिरली. ती कोणी सोडली याची चौकशी झाली, पण माझ्यापर्यंत आली नाही. एक पोलीसदादा येऊनसुद्धा गेला. लटारूने त्याला पळीभर वाढलं. दादाने चाखलं, मिशी पुसली आणि म्हणाला, "गूळ कमी पडला."

उन्हाळ्यात मात्र सैपाक सोपा आणि चिलटं जगवणं अवघड. आमच्याकडे मे महिन्यात पारा सेहेचाळीस गाठतो आणि नेमकी तेव्हा वीज जाते. चिलटाला तिशीच्या वरची गरमी सोसत नाही. लटारूने मोठे माठ आणले, ओल्या वाळूत नळ्या उभ्या केल्या आणि माठांना ओलं पोतं गुंडाळलं. बोटभर मासे दूरच्या तळ्याला न्यायचे तेव्हा ढिवर हंड्याला गुंडाळतात, तसं. नागपूरच्या गाइडची थंड मशीनमधली चिलटं त्या वर्षी मेली. आमची माठात जगली. मॅडमनी तेव्हापासून त्याला अरेतुरे करायचं सोडलं, ते कायमचं.

आता गिरजाबाई, लटारूची बायको.

सिंदेवाहीच्या बाजारात तीस वर्षं तिने मासोळी विकली. मासे कापायच्या पावशीला नसेल एवढी धार जिभेला. माझी बायको शेजारच्या टोपलीकडे नुसती वळली तरी ती म्हणायची, "जा वं बाई, थिकडले मासे कालच मेले, पन वासानं तुमाले वळख दाखवतीन." अशी बाई हळूहळू विसरायला लागली. आधी एकच मासोळी दोघींना विकली, तेव्हा आम्ही हसलो. मग कालवणात दोनदा मीठ, मग एकदाही नाही. मग शेजारणीचं नाव गेलं, मग सुनेचं, प्रेमिलाचं. शेवटी ती पहाट फुटली की रिकामी टोपली डोक्यावर घेऊन बाजाराला निघू लागली, कोणताही वार असो. आणि एका सकाळी रेल्वेच्या गँगमनने तिला हाताला धरून आणून सोडलं. ती रुळांच्या मधून चालत होती आणि मागून मालगाडी येत होती.

एकुलता पोरगा गोपाल मोहर्लीला जंगलात जिप्सी चालवायचा, पर्यटकांना वाघ दाखवायची. आठवड्यातून एकदा घरी यायचा. त्या आठवड्यात तो आला तो निश्चय करूनच.

"मायच्या खोलीले भायेरून कडी लावतो," तो बापाला म्हणाला. "तुमी दिवसभर कॉलेजात. प्रेमिला धानाच्या रोवन्यात. माय रुळावर गेली त कोन पायते?"

"कडी ढोरायले लावतेत."

"ढोर म्हनून नाई लावून राह्यलो, बाबा. माय हाये म्हनून लावून राह्यलो. म्या रोज जंगलात लोकाईले सांगतो, गाडीच्या खाली उतरू नोका. माह्या मायले कोन सांगन?"

पोरगा काही वाईट नव्हता. गोष्ट सांगायला वाईट पोरगा असला तर सोपं जातं, पण इथे तो नाही, त्याला मी काय करू. प्रेमिलाही सासूची न्हाणीधुणी करायची आणि मग रोवण्याला जायची. लटारूला हे सगळं पटत होतं आणि कडी पटत नव्हती. मग त्याने एक करार केला.

"मॅडमच्या चिलटायले हाच रोग हाये," तो म्हणाला. "त्याईच्या डोक्शात काही राह्यते का सगरंच मरते, थे मॅडम मोजून राह्यली. दीड महिना थांब. मॅडम म्हनली का काईच नाई राह्यत, त लाव कडी. म्या दार धरतो."

"माशा सांगतीन मायचं?"

"माशी नाई. चिलट."

गोपाल थांबला. मॅडमना यातलं एक अक्षर माहीत नव्हतं. त्या आपला प्रयोग करत होत्या, आणि तिकडे त्यांच्या वहीवर एका बाईचं दार टांगलेलं होतं.

प्रयोग पाहायला गमतीचा. उभ्या काचेच्या नळीत दहा चिलटं, मध्यावर शाईची रेघ. नळी हलकेच आपटायची, की सगळी तळाशी पडतात. निरोगी चिलटाला वर चढायची खोडच असते, पडलं की ते लगेच काच धरतं. दहा सेकंदांत रेघेच्या वर किती गेली ती मोजायची. मेंदूतल्या पेशी मरत गेल्या की चिलट जिवंत असतं, पाय हलवतं, पण वर जात नाही. नळीवर फक्त आकडे. कोणती नळी रोगी आणि कोणती निरोगी हे मोजणाऱ्याला कळू द्यायचं नाही, असा गाइडचा नियम. म्हणून मोजायचा लटारू, खिडकीपाशी उजेडात. मॅडम त्याच्या पाठीमागे टेबलाशी, एका हातात घड्याळ, दुसऱ्यात पेन. लटारू मोठ्याने म्हणे, मॅडम लिहीत. नियम असला तरी लटारूला रोगी नळी ओळखू यायचीच. तिच्यापाशी त्याचा आवाज हळू व्हायचा.

दीड महिना संपला. बाजाराचा दिवस होता. गोपाल बापाला घ्यायला कॉलेजात आला, हातात कडी-कोयंड्याची पुडी होती. मॅडम तक्ता पुरा करून खुशीत बसल्या होत्या.

"लटारूभाऊ, या, बघा. किती स्वच्छ निकाल आलाय. तिसाव्या दिवसापर्यंत दोन-तीन चढतात. पस्तिसाव्या दिवसानंतर बघा, खाली उभ्या ओळीने सगळी शून्यं. एकसुद्धा नाही."

"म्हंजे डोक्शात काईच नाई उरत, मॅडम?" गोपालने विचारलं.

मॅडमना वाटलं, पोराला विज्ञानाची आवड दिसते. "वर चढण्यापुरतं तरी काही उरत नाही, असंच म्हणावं लागेल."

गोपालने बापाकडे पाहिलं. लटारूने तक्त्याकडे पाहिलं. मोजणारा तो स्वतः होता, पण कागदावर आलेलं आणि मॅडमनी वाचलेलं, त्याच्यापुढे आपल्या डोळ्यांची काय कथा.

त्या दुपारी कडी बसली. बोलल्याप्रमाणे लटारूने दार धरलं आणि गोपालने स्क्रू पिळले. गिरजाबाई आत उभी राहून पाहत होती. तिने विचारलं, "कोनाचं घर बांधून राह्यले गा?" गोपालने शेवटचा स्क्रू पिळला.

नऊ दिवस झाले, ती कडी होतीच. त्या पाळीवरून माझा जायचा-यायचा रस्ता. आतून ती कोणाला हाक मारत नसे, नावं राहिली नव्हती. नुसती कडी वाजायची, खडखड, थांबून पुन्हा खडखड. मी वाटेत भेटेल त्याला अडवून बोलणारा माणूस. पण तेवढ्या पल्ल्यात सायकल जोरात मारायचो.

दहाव्या दिवशी चिलटांच्या दुसऱ्या तुकडीची मोजणी होती. मागच्या टेबलावर परीक्षेचे पेपर पसरले होते म्हणून मॅडम खिडकीपाशी लटारूच्या शेजारी येऊन बसल्या. मी पगारपत्रकावर सही घ्यायला उभा होतो. लटारूने नळी आपटली, दहा सेकंद झाले. एक चिलट रेघेच्या वर काचेला चिकटलेलं होतं.

"लाभ," लटारू म्हणाला आणि नळी खाली ठेवली.

मॅडमनी लिहिलं. लटारू चौथी शिकलेला, आकडे त्याला चांगले येत. तो वहीकडे पाहत राहिला.

"बाई, थे काऊन गोल काढलं?"

"शून्य आहे ते."

"शून्य कायचं? म्या लाभ म्हनलं ना."

"हो, लाभ म्हणालात. पुढे काही म्हणाला नाहीत."

"पुढं कोनी चढलंच नाई त काय म्हनू?"

दोघंही एकमेकांकडे पाहत राहिले. मध्ये पडायची माझी सवय त्या दिवशी प्रथमच कामाला आली. "मॅडम," मी म्हणालो, "लाभ म्हणजे एक."

ठाण्याच्या बाईला कुठून माहीत असणार. धानाची रास मोजताना पहिल्या पायलीला आम्ही एक म्हणत नाही. एक म्हटलं की ते एकटं पडतं. म्हणून लाभ, दोन, तीन. ढिवरांनी तेच मत्स्यबिजाला लावलं आणि लटारूने चिलटांना. मॅडमना वाटलं होतं, पत्राच्या वर श्री लिहितात तसं हा माणूस आधी शुभ शब्द उच्चारतो आणि मग मोजतो. जिथे "लाभ, दोन, तीन" आलं तिथे आकडा बरोबर उतरला. जिथे नुसतं "लाभ" आलं, तिथे शून्य.

मॅडमनी वहीची पानं मागे उलटली. "मग खरंच एकही चढत नाही तेव्हा तुम्ही काय म्हणता?"

"काईच नाई म्हनत. पान्यावर 'नाई' म्हनू नये, बाई. रिकामं जारंबी आमी मुकाट्यानं वढतो. नळी ठेवून देतो."

म्हणजे त्या उभ्या ओळीतली खरी शून्यं किती आणि लाभ किती, हे आता देवालाही सांगता आलं नसतं. मॅडमनी पेनाला टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. पहिल्या तुकडीचा तक्ता नागपूरला गाइडकडे जाऊन पोचलेला होता.

"म्हंजे एक उरते?" लटारूने विचारलं.

"कधी एक, कधी शून्य असेल. सगळं पुन्हा मोजावं लागेल."

"मंग कडीचं काय?"

"कसली कडी?"

लटारूने सांगितलं. चार वाक्यांत, नळ्यांकडे पाहत. मॅडम ऐकत होत्या आणि त्यांच्या तोंडावरचा रंग उतरत होता. शेवटी त्या म्हणाल्या, "लटारूभाऊ, चिलटावरून माणसाचं असं ठरवत नाहीत. एकदा मला विचारायचं होतं."

"विचारलं ना, बाई. तुमीच सांगतलं, एकबी नाई."

मॅडमनी वही मिटली. मी पगारपत्रकावर सही न घेताच परत गेलो.

मॅडमनी त्याच दिवशी गाइडला फोन लावला. माझ्या टेबलावरूनच लावला, म्हणून एक बाजू मला पुरी ऐकू आली. "नाही सर, अंदाजे नाही घालता येणार." मग बराच वेळ फोन कानाला. "हो सर, एक वर्ष जाईल." मग, "नाही सर, त्यांची चूक नाही. मी कधी मागे वळून पाहिलंच नाही." फोन ठेवल्यावर त्या गटागटा पाणी प्यायल्या.

माझी खोड आहे, पुढचं आधी सांगून मोकळा होतो. मॅडमना डॉक्टर व्हायला वर्षाऐवजी दीड वर्ष जास्त लागलं. त्यांच्या नवऱ्याची बदली झाली, तो गेला आणि त्या चिलटांपायी आठ महिने मागे राहिल्या. त्यावरही बाजारात बातम्या फिरल्या, त्यांच्याबद्दल मी इथे काही लिहीत नाही. नव्या मोजणीत ओळीतली सगळी शून्यं टिकली नाहीत. शेवटच्या दिवसांतही बऱ्याच नळ्यांत एखादं चिलट चढतच होतं. ते का चढतं, हे मॅडमना कळलं नाही आणि त्यांनी तसंच लिहिलं. गिरजाबाई आणखी तीन वर्षं जगली. शेवटच्या वर्षी ती खाटेवरून उठली नाही. हेही आताच सांगितलेलं बरं.

लाभ सापडला त्या आठवड्यात गोपाल आला, तेव्हा लटारूने त्याला कडी काढायला सांगितलं. गोपाल म्हणाला, "एक चिलट चढलं म्हनून मायले रुळावर सोडू?" त्याचंही चूक नव्हतं. लटारू म्हणाला, "चाल, पाह्य." आणि त्याला कॉलेजात घेऊन आला.

खिडकीपाशी मॅडम होत्या, वही होती. लटारूला आता लाभऐवजी एक म्हणायचं बंधन होतं, आणि ते म्हणताना त्याच्या जिभेला ठेच लागायची. पहिल्या नळीत एक चढलं. दुसरीत नाही. "थांबा," मॅडम घड्याळ पाहून म्हणाल्या आणि खरं शून्य लिहिलं.

लटारूने नळी खाली ठेवली नाही. उजेडात तशीच धरली. तळाशी चिलटं पाय झाडत होती. गोपाल कंटाळून बाहेर पाहू लागला, तर बापाने कोपराने ढोसलं. अर्धं मिनिट झालं असेल. एका चिलटाने काच धरली. चार पावलं गेलं, घसरलं, पुन्हा धरली. वाकडंतिकडं जात ते रेघेपाशी आलं, थांबलं, आणि पलीकडे गेलं.

"हे मोजा, मॅडम," गोपाल म्हणाला.

"नाही मोजता येत. नियम दहा सेकंदांचा आहे."

"काऊन दहाच?"

"कुठेतरी थांबावं लागतं. सगळ्यांनी तेवढंच थांबायचं ठरलंय, म्हणजे एकाचं दुसऱ्याशी ताडून पाहता येतं."

"थे तुमचा नेम, बाई, आन् बरोबर हाये," लटारू म्हणाला. "आमच्या घरी कोनाशी ताडाचं नाई."

गोपाल नळीकडे पाहत होता. "आन् रूळ?" त्याने विचारलं. आवाज आता भांडणाचा नव्हता.

"पहाटेले म्याच असतो घरी. तिच्या मांगं म्या जाईन. तीस वर्ष थे माह्या मांगं टोपली घेऊन चालली. दिवसा कॉलेजात आनतो. बाबूजीच्या वऱ्हांड्यात बसन. बाबूजीले कोनीतरी आयकाले पायजेच."

हे माझ्यावर आलं, पण मी मनावर घेतलं नाही. उलट त्यांच्याबरोबर घरी गेलो. कोणी बोलावलं नव्हतं, पण नको असंही कोणी म्हणालं नव्हतं.

गोपालने कडी सरकवून दार उघडलं. गिरजाबाई खाली पोत्यावर बसली होती. तो तिच्यासमोर बसला. रोज सगळे तिला विचारायचे, मीही विचारायचो, "म्या कोन?" आणि तिचे डोळे जरा गोंधळले की आम्हीच घाईने सांगून टाकायचो, गोपाल ना वं, तुहा पोरगा गोपाल. दहा सेकंदसुद्धा कोणी दिले नव्हते तिला.

"माय, म्या कोन?" गोपालने विचारलं. आणि सांगायला तोंड उघडलं, तोच लटारूने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

आम्ही बसलो. गिरजाबाई पोराच्या तोंडाकडे पाहत होती, मग शर्टाच्या गुंड्यांकडे, मग पुन्हा तोंडाकडे. प्रेमिलाने चहा आणला, त्याच्यावर साय धरली. एक कोंबडी आत आली, सगळ्यांकडे पाहिलं आणि निघून गेली. माझ्या जिभेवर तीनदा शब्द आला, तीनदा लटारूने डोळे वटारले. मला वाटतं, आयुष्यात तेवढा वेळ मी शुद्धीत असताना गप्प बसलेलो नाही.

मग गिरजाबाई म्हणाली, "तुह्या लग्नात मासोऱ्या कच्च्या राह्यल्या होत्या."

प्रेमिला दारातून म्हणाली, "कच्च्या नवत्या, माय. माह्या बाबानं सोता शिजवल्या होत्या."

"म्हनूनच," गिरजाबाई म्हणाली.

लटारू हसायला लागला. त्याचं हसणं सरळ चाललं होतं, मग मध्येच ओलं झालं, म्हणून तो उठून माठापाशी पाणी प्यायला गेला आणि बराच वेळ तिकडेच राहिला. गोपालने बसल्या जागेवरून बायकोकडे पेचकस मागितला. तिने आणून दिला. तो दारापाशी उकिडवा बसला आणि पहिला स्क्रू फिरवू लागला.

"चांगल्या शिजल्या होत्या, माय."

"नाई. तुहा मामा भांडला."

"मामा पिऊन होता."

"पिऊन होता," तिने कबूल केलं. थोडा वेळ गेला. कोणी तिच्यासाठी वाक्य पुरं केलं नाही. "पन कच्च्या होत्या."

चौथा स्क्रू निघाला तरी मायलेकांचं मासोळ्यांवरून मिटलेलं नव्हतं.